हळदीचा वरंबा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर उटण्याची वाटी फिरते. त्या उटण्यात आंबेहळद असते, कचोरा असतो. आणि ही दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातील हळदीची भावंडे आहेत, हे अंग चोळून घेणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी असते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिघींचे कूळ एकच. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला न सारता पुढचा मजकूर वाचावा. ताटातल्या चिवड्याला पिवळेपणा कोठून आला, त्याचीच ही हकिकत आहे.

मी वाशिमकडचा. आमचे वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली येथे सापडला, आणि अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या राजांचे मूळ घर कोठे होते याचा उलगडा झाला. त्या ताम्रपटात राजाने ब्राह्मणांस एक गाव दिले आहे. ते गाव ‘नांदीकड’च्या उत्तरेकडील भागातले. नांदीकड म्हणजे आजचे नांदेड, असे विद्वान मानतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्याने हळदीची पोती ट्रकवर चढविली की तो ट्रक आजही बहुधा हिंगोलीला, वसमतला नाही तर नांदेडलाच जातो. सोळाशे वर्षांत राज्ये किती आली नि गेली; वाशिम-नांदेड हा रस्ता मात्र चालूच आहे.

वाकाटकांच्या काळी आमच्या रानात हळद होती काय? असणारच, पण पुराव्यावाचून बोलू नये. हळदीचा पुरावा मिळतो तो त्याहून कितीतरी जुना आणि दूरचा. हरियाणातील फरमाणा येथे हडप्पाकालीन भांड्यांत हळद आणि आले यांचे सूक्ष्म अवशेष संशोधकांना आढळले आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणा गृहिणीच्या रश्श्यात हळद पडत होती. तेराव्या शतकात मार्को पोलोने पूर्वेकडील प्रवासात केशरासारखे गुण असलेली एक वनस्पती पाहिल्याचे लिहिले आहे, ती हळदच असावी असे मानतात.

हळदीच्या इतिहासात मला सर्वांत नवलाची वाटते ती एक साधी गोष्ट. हळदीला बी धरत नाही. फूल येते, पांढरट-गुलाबी पाकळ्यांचा सुरेख तुरा येतो, पण त्यातून उगवणारे बी हाती लागत नाही. पेशींतील गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ही वनस्पती वांझ झाली आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. वारा, पाखरू, ओढ्याचे पाणी यांपैकी कोणीही हळदीचा वंश पुढे नेऊ शकत नाही. तो माणसाच्या हातानेच पुढे जातो. कोणीतरी गड्डा खणायचा, त्यातला थोडा राखायचा, आणि पुढल्या वैशाखात पुन्हा मातीत घालायचा. आज वाशिम तालुक्यात जो गड्डा मातीत आहे, त्याच्यामागे असे राखणारे हात एकामागून एक शेकडो पिढ्या उभे आहेत. एखाद्या घराण्याने एक वर्ष जरी हयगय केली, तरी त्या घरचे बेणे संपले!

आणि गंमत अशी की, या वांझ वनस्पतीलाच आपण लग्नात सुफलतेचे चिन्ह मानतो. हळद लावण्याच्या विधीला ‘लेकुरवाळे’ हळकुंड निवडून घेतात, म्हणजे ज्याला अंगाखांद्यावर लहान लहान हळकुंडे फुटलेली आहेत असे. आमच्या आज्या-पणज्यांनी गुणसूत्रे पाहिली नव्हती, पण हळदीची लेकरे फुलातून नव्हे, कुशीतून निघतात, हे त्यांना ठाऊक होते. शेतकऱ्यांची भाषाही घरातलीच आहे. मध्यभागी असतो तो जेठा गड्डा. त्याच्या कडेने येतात ते बगल गड्डे. त्यांना फुटतात ती हळकुंडे. वऱ्हाडीत मात्र ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आमच्या आयाबाया ‘हयद’ म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येते. येवो बापडे.

आता शेताकडे वळतो. वाशिम हा वऱ्हाडातील बालाघाटाचा, म्हणजे पठाराचा, मुलूख. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या नद्यांचे पाणी येथले. खालच्या पूर्णेच्या खोऱ्याला पयानघाट म्हणत. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला; पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, 1861 ते 1865 ही चार वर्षे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर कपाशीचे राज्य सुरू झाले. ते राज्य शंभर वर्षांहून अधिक टिकले. या काळात हळद म्हणजे विहिरीकाठचे पीक. मोटेचे पाणी जेवढ्या तुकड्याला पुरे, तेवढ्यात थोडा ऊस, थोडी केळी, मिरची आणि एखादी पट्टी हळद. घरचे वर्षाचे तिखट-मीठ भागले, लग्नकार्याला झाली, उरली तर आठवड्याच्या बाजारात. तिच्यावर कोणी सावकाराचे कर्ज फेडावयाची आशा धरीत नसे. सरकारदरबारीही वाशिमची अशीच परवड झाली. 1905 साली वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला, तो पुन्हा स्वतंत्र व्हायला 1 जुलै 1998 उजाडला.

हळदीचे खरे वैभव तेव्हा कृष्णाकाठी होते. सांगलीची पेठ म्हणजे हळदीची पेठ. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेली पेवे मी पाहिली आहेत. वर तोंड लहान, आत पोट मोठे. त्यात हळद भरून तोंड मातीने लिंपले की वर्षानुवर्षे किडीचा उपद्रव नाही, रंग उतरत नाही. आतली हवा इतकी कोंदते की पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतावे. ते काही वेळ उघडे ठेवूनच माणूस खाली जातो. 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे पाण्याने निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या विदर्भातील वर्धा जिल्ह्याच्या वायगावच्या हळदीने मात्र ते 2016 सालीच पटकावले होते, हे येथे अभिमानाने नमूद करतो. वसमतच्या हळदीला ते 2024 साली मिळाले.

सांगलीजवळच कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे. तेथून निघालेल्या ‘फुले स्वरूपा’ या वाणाचे हेक्टरी उत्पादन ओल्या हळदीचे सुमारे 358 क्विंटल आणि वाळविलेल्या हळदीचे सुमारे 78 क्विंटल सांगितले जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे. पाच पोती ओली हळद खणावी, शिजवावी, वाळवावी, तेव्हा जेमतेम एक पोते बाजारात न्यायचे! आपल्या डब्यातली चमचाभर पूड म्हणजे मूठभर ओली हळद असते.

मग वाशिमच्या काळ्या रानात ही हळद मोठ्या प्रमाणावर कशी आली? पाणी आले, हे पहिले कारण. पैनगंगेवर बंधारे झाले, विहिरी खोल गेल्या, ठिबक आले. दुसरे कारण भाव. 2010 च्या सुमारास हळदीचा भाव क्विंटलला 15,000 रुपयांच्या आसपास गेला. कपाशीने हात दिला नाही, सोयाबीनचे कधी पावसाने तर कधी भावाने मातेरे केले, अशा शेतकऱ्याला शेजारच्या हिंगोलीची पिवळी रास दिसू लागली. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी 2006 साली केंद्राने मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशिमही होते. त्या काळात येथे एखाद्याने नवे पीक धरले, तर ती हौस नव्हती. रिसोड, मालेगाव, वाशिम या तालुक्यांत हळदीचे तुकडे वाढले ते अशा वेळी.

पीक आले, पण ते लावायचे कसे? येथेच खरी मौज आहे.

जुनी पद्धत सपाट वाफ्याची. वाफे बांधायचे, पाटाने पाणी सोडायचे, ओळीने गड्डे दाबायचे. विहिरीकाठच्या मुरमाड तुकड्यात ते चालून जाई. परंतु काळी माती ही मानी बाई आहे. पाणी प्याली की फुगते आणि मग सोडायला तयार नसते. श्रावण-भाद्रपदात आठ दिवस झड लागली की सपाट वाफ्यात हळदीचे पाय पाण्यात राहतात, मुळांना हवा मिळत नाही, आणि कंदकूज लागते. वरून पाने पिवळी पडतात. खणून पाहावे तो गड्डा मऊ, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. रिसोडकडच्या एका मावशींनी मला हे सारे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते: “बापू, हयदीले पानी पायजे, पन पान्यात पाय नाई पायजेत.” कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत याच मजकुराला चार पाने लागतात.

म्हणून मग सरी-वरंबा. 75 सेंटिमीटरवर सरी पाडायची, वरंब्यावर 30 सेंटिमीटर अंतराने गड्डा लावायचा, डोळा वर ठेवून. पाणी सरीतून वाहते, गड्डा उंचावर कोरडा राहतो. पण वरंबा अरुंद असतो. पावसाने तो झिजतो, पाटाच्या पाण्याने ढासळतो, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात हळकुंडे कडेने फुटू लागली की त्यांना मातीच उरत नाही. उघडे पडलेले हळकुंड उन्हाने हिरवे होते, पोसत नाही. म्हणून लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी माती चढवावी लागते. तिला भरणी म्हणतात. ज्याने भरणी चुकविली, त्याने पाव पीक घालविले, असे जुने लोक म्हणतात.

हल्लीची पद्धत रुंद वरंब्याची, म्हणजे गादीवाफ्याची. दीड मीटरवर सऱ्या, मध्ये चांगला ऐसपैस, वीतभर उंच गादीसारखा माथा, त्यावर हळदीच्या दोन ओळी, आणि दोन ओळींच्या मधून ठिबकची नळी. मी सहज कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. 75 सेंटिमीटरच्या सरीत 30 सेंटिमीटरवर गड्डा लावला तर एकरी सुमारे 18,000 झाडे बसतात. आणि दीड मीटरच्या गादीवर दोन ओळी त्याच अंतराने लावल्या तरी तेवढीच, 18,000! झाड एकही वाढले नाही. बेणेही वाढले नाही. गड्डा पन्नास-साठ ग्रॅमचा धरला तर दोन्हीकडे एकरी 10 क्विंटलच. मग उत्पन्न का वाढावे?

वाढते ते जागेमुळे. अरुंद वरंब्यावर झाडाच्या दोन्ही अंगांना लगेच उतार असतो. गादीवर त्याला दोन्हीकडे भुसभुशीत माती मिळते, आणि हळकुंडाला तर लांब व्हायला तीच हवी. सऱ्या निम्म्याच झाल्यामुळे जी माती सरीत वाया जात होती, ती गादीत आली. वरून कितीही कोसळो, पाणी सरीतून बाहेर निघून जाते. वैशाखात कोरडे पडले, तर ठिबकची धार नेमकी मुळाशी. खतही त्याच नळीतून. काढणीला कुदळ न मारता गादी सैल करून गड्डे उपटता येतात, हळकुंडे तुटत नाहीत. तुटलेल्या हळकुंडाला व्यापारी नाक मुरडतो, हे ज्याने एकदा बाजार केला त्याला सांगावे लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गादी करायला ट्रॅक्टर व अवजार भाड्याने आणावे लागते, ठिबकचा संच बसवावा लागतो. ज्याच्याकडे अर्धा एकर आणि भाऊबंदकीतली विहीर, त्याला हे जड जाते. हलक्या, उताराच्या जमिनीत, जेथे पाणी मुळी थांबतच नाही, तेथे साध्या सरीतही हळद चांगली येते. कोणी पुस्तकी पंडित ‘गादीवाचून हळद नाही’ म्हणू लागला, तर त्याला माळरानावरच्या पट्ट्या दाखवाव्या.

उत्पन्न आणि नफा या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. समजा, एकरी 25 क्विंटल वाळलेली हळद झाली. 15,000 भाव असला, तर पावणेचार लाख रुपये. 5,000 असला, तर सव्वा लाख. गादीने आणखी 5 क्विंटल दिले असे धरले, तर तेजीत त्याचे 75,000 होतात आणि मंदीत 25,000. मातीने दिलेले दान तेच. त्याची किंमत दुसराच कोणी ठरवितो. शिवाय हळद हे नऊ महिन्यांचे पीक. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे. बेणे घेताना जो भाव असतो, तो विकताना राहीलच असे नाही. तेजी पाहून जो नवा माणूस हळदीत उतरतो, त्याला बेणेही तेजीतलेच घ्यावे लागते. आणि त्याच्यासारखे हजारो उतरलेले असल्यामुळे त्याची हळद बाजारात जाईतो मंदी आलेली असते. 2010 च्या तेजीनंतर हेच झाले. दोन वर्षांत भाव 4,000 च्या आसपास कोसळले. “पी हळद नि हो गोरी” ही म्हण ज्याने रचली, त्याने असाच एखादा नवा हळदवाला पाहिला असावा!

तेलंगणातील निजामाबादच्या शेतकऱ्यांचा संताप तर 2019 साली साऱ्या देशाने पाहिला. हळदीला भाव आणि स्वतंत्र मंडळ मिळावे म्हणून तेथील 178 शेतकरी लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहिले. पुढे राष्ट्रीय हळद मंडळाची स्थापना झाली आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचे काम निजामाबादेतच सुरू झाले. आपल्याकडे वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आहे. मंडळे आणि केंद्रे यांवर माझा अतिविश्वास नाही. पण वाशिमपासून वसमत हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तेथे चांगले काही निघाले तर पहिला लाभ आमचाच.

हळदीच्या मालकीवरून झालेला एक मोठा खटलाही या ओघात सांगितला पाहिजे. 1995 साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एक पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल पुढे ठेवले, आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. बोट कापले की हळद दाबावी, हे ज्ञान आपल्या आजीचे आहे हे सिद्ध करायला संस्कृत पोथ्या समुद्रापार न्याव्या लागल्या. आजीची साक्ष काढली असती, तर खटला एका दिवसात आटोपता, असे मला राहून राहून वाटते.

लागवडीच्या पद्धतींत आता आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. केरळात कोळिकोडला मसाला पिकांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी एका डोळ्याची लागवड सांगितली. अख्खा गड्डा न लावता त्याचे पाच-सात ग्रॅमचे तुकडे करायचे, प्रत्येकात एकच डोळा. ते रोपवाटिकेच्या खाचांच्या ताटात लावायचे आणि महिना-सव्वा महिन्याने रोप शेतात न्यायचे. जेथे पन्नास-साठ ग्रॅमचा गड्डा जात होता, तेथे त्याचा आठवा-दहावा हिस्सा पुरतो. तूट धरूनही बेण्याचा खर्च निम्म्याहून खाली येतो. एकरी 10 क्विंटल बेण्याला तेजीत काय पडते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला याचे मोल कळेल. परंतु गड्डा ही रोपाची शिदोरी असते. उन्हाळ्यात पाणी दोन दिवस चुकले तरी मोठा गड्डा स्वतःच्या पोटातले खाऊन तग धरतो. पाच ग्रॅमच्या तुकड्याला तेवढी पुंजी नसते. म्हणून हे काम सावलीची जाळी, रोज पाणी आणि रोज लक्ष असलेल्या घराचे. आमच्याकडे ते लक्ष बहुधा बायकांचेच असते. बेणे निवडणे, डोळे तपासणे, कुजका बाजूला काढणे, उरलेले बेणे झाडाच्या सावलीत पाल्याखाली झाकून वैशाखापर्यंत राखणे ही सारी कामे त्यांची. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावे शोधावी लागतात.

काढणीनंतरचे रामायण निराळेच आहे, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून, वर हळदीचाच पाला झाकून हळद शिजवीत. काडी टोचून पाहायची. सहज आत गेली की शिजली. आता लोखंडी टाक्यांत वाफेवर शिजविण्याची यंत्रे गावोगाव फिरतात. मग दहा-पंधरा दिवस खळ्यावर वाळवण, आणि शेवटी फिरत्या पिंपात घासून चकाकी. त्या दिवसांत रस्त्याने जाणारा माणूससुद्धा पिवळा होऊन घरी येतो.

या दिवाळीत मालेगाव तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो होतो. हळद कमरेच्या वर आलेली, पाने केळीच्या लहान पानांसारखी रुंद आणि गर्द. त्याने दोन एकर गादीवर लावली आहे, पण बांधाकडच्या चार ओळी मुद्दाम जुन्या सरीवर ठेवल्या आहेत आणि त्यांच्यापलीकडे एका डोळ्याच्या रोपांची एक ओळ. मी विचारले, “काय भाऊ, हा काय घोळ?” तो म्हणाला, “घोळ नाई, काका. सारे येगयेगळे सांगतात. आता मीच तिन्ही येगयेगळे खनतो, येगयेगळे शिजवतो, अन् वजन करून पायतो.” बांधावरच्या एरंडाला त्याने तीन रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या, ओळी चुकू नयेत म्हणून. वजन शिमग्याच्या सुमारास होईल. त्याने बोलावले आहे.